थांबता कुठे, ते आधी लिहा

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच साच्यातली आहेत. वर संगणकाच्या सुट्या भागांची लांबलचक यादी, खाली एक ओळ: 'ताई, हे घेऊ का?' नुसत्या यादीवरून मला काही कळत नाही. तुम्ही काय बनवता, कशात बनवता आणि मशीन तुम्हाला कुठे ताटकळत ठेवतं, हे लिहिलंत तर उत्तर देता येतं.

अ‍ॅनिमेशन स्टुडिओतली मशीन सांभाळायचं काम मी बरीच वर्षं केलं. कुणी नवं मशीन मागितलं की मी आधी त्याच्या हातात कोरी चिठ्ठी द्यायचे. मॉनिटरच्या कडेला चिकटव, दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागलं की कशासाठी थांबलास ते लिही, आठवड्याने बोलू. लायटिंग करणाऱ्या एका मुलाने मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा हट्ट धरला होता. त्याच्या चिठ्ठीवर 'फाइल उघडतेय' आणि 'फाइल सेव्ह होतेय' याखेरीज फारसं काही नव्हतं. त्याचा सगळा प्रोजेक्ट जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर होता. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून दिली आणि कार्डाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. तेव्हा पुढची उत्तरं वाचतानासुद्धा ही चिठ्ठी डोक्यात ठेवा.

प्रश्न: मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये छोट्या अ‍ॅनिमेशन फिल्म बनवायला शिकते आहे. पात्रं स्वतः मॉडेल करते, रिग करते (हालचालीसाठी आत हाडांचा सांगाडा बसवते) आणि ब्लेंडरच्याच सायकल्स या रेंडररमध्ये रेंडर करते, म्हणजे अंतिम चित्रं तयार करून घेते. यादी अशी केली आहे: १६ कोअरचा प्रोसेसर, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, लिक्विड कूलर, काचेचं कॅबिनेट. ताई, यात काही बदलू का?

बदल. प्रोसेसर तुझ्या कामापेक्षा मोठा आहे आणि कार्डाची मेमरी कामापेक्षा लहान. नवशिक्यांच्या दहातल्या आठ याद्या अशाच असतात, कारण कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणकांचा, आकडा डब्यावर ठळक छापलेला असतो.

तुझं काम दोन प्रकारचं आहे. एक, तू समोर बसून करतेस ते: मॉडेलिंग, रिगिंग, टाइमलाइन पुढे-मागे सरकवून हालचाल बघणं. दुसरं, तू उठून गेल्यावर मशीन एकटं करतं ते: रेंडर. समोर बसून करायच्या कामात एका पात्राच्या रिगची गणितं बरीचशी एकामागून एक सोडवावी लागतात. खांदा कुठे आहे ते ठरल्याशिवाय कोपर कुठे आहे ते ठरत नाही, आणि कोपर ठरल्याशिवाय मनगट. तिथे सोळा कोअरपैकी बहुतेक नुसते बसून असतात. उपयोगी पडतो तो एकेका कोअरचा वेग. म्हणून प्रोसेसर निवडताना कोअरच्या संख्येआधी एका कोअरच्या चाचणीतला गुणांक बघ.

कोअर वाढले की वेग त्याच प्रमाणात वाढतो असंही नाही. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली याचा हिशेब मांडून ठेवला आहे. समज, कामाचा ९० टक्के भाग वाटून घेता येतो आणि १० टक्के ओळीनेच करावा लागतो. आठ कोअरवर असं काम साधारण ४.७ पट वेगाने होतं, सोळा कोअरवर ६.४ पट. कोअर दुप्पट केले, वेग दीडपटही झाला नाही. कापड, पाणी, धूर यांची सिम्युलेशन तू रोज करत असतीस किंवा प्रोसेसरवर रेंडर करत असतीस तर गोष्ट वेगळी. तुझ्या पत्रात तसं काही नाही. नव्या पिढीचा आठ कोअरचा प्रोसेसर घे.

आता कार्ड. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण व्हीरॅमबद्दल, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीबद्दल, गैरसमज फार. कार्डाचा वेग कमी पडला तर रेंडर उशिरा होतं. कार्डाची मेमरी कमी पडली तर रेंडर होतच नाही, किंवा होऊन न झाल्यासारखं होतं. काही रेंडरर 'मेमरी संपली' म्हणून सरळ थांबतात. काही उरलेला भाग साध्या रॅममध्ये सरकवतात, आणि मग वेग पार घसरतो. रात्री उशिरा होणारं काम सकाळपर्यंत थांबून मिळतं, न होणारं काम कितीही थांबलीस तरी मिळत नाही.

हिशेब स्वतः कर, सोपा आहे. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं टेक्श्चर, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र, डिस्कवर जेपेग असताना चार-पाच एमबीचं दिसतं. मेमरीत ते उलगडतं. दर पिक्सेलला चार बाइट धरले तर एका टेक्श्चरला ६४ एमबी लागतात. एका मटेरियलला रंग, रफनेस, नॉर्मल, डिस्प्लेसमेंट असे चार नकाशे, म्हणजे चार टेक्श्चर, आणि दृश्यात अशी दहा मटेरियल धर: ४० गुणिले ६४, म्हणजे २.५ जीबी. याच ठिकाणी कुठून तरी उतरवलेली ८के (८१९२ बाय ८१९२) टेक्श्चर लावलीस की प्रत्येकी २५६ एमबी, एकूण १० जीबी. तुझं ८ जीबीचं कार्ड तिथेच संपलं. अजून भूमिती आलेली नाही, केस आलेले नाहीत, रेंडरमधले ठिपके पुसणारा डीनॉइझर आलेला नाही, आणि स्क्रीनवर चित्र दाखवायला ऑपरेटिंग सिस्टिम व ब्राउझर जी मेमरी खातात तीही धरलेली नाही.

म्हणून प्रोसेसरवर वाचलेले पैसे कार्डाकडे वळव. १२ जीबी ही मी किमान धरते, १६ मिळालं तर पुढची काही वर्षं निवांत. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे २०२१ सालचं कार्ड. त्याच्या १२ जीबीमुळे, त्याहून वेगवान पण ८ जीबीच्या कार्डांवर न मावणारी दृश्यं ते मुकाट्याने रेंडर करतं. नवीन घेताना एकाच नावाच्या कार्डाचे दोन अवतार असतात हेही बघ. आरटीएक्स ४०६० टीआय ८ जीबीतही येतं आणि १६ जीबीतही. डबा हातात घेऊन आकडा वाचायचा.

कंपनी कुठली? सायकल्स आता कुणा एकीवर अवलंबून नाही. ब्लेंडर ३.० मध्ये, २०२१ च्या अखेरीस, एएमडीच्या कार्डांसाठी हिप ही नवी प्रणाली आली आणि जुनी ओपनसीएल गेली, ३.३ पासून इंटेलची आर्क कार्डंही चालतात. तरी पुढे दुसरे रेंडरर शिकायचा विचार असेल तर लक्षात ठेव की जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर, चालणारे बरेच व्यावसायिक रेंडरर कुडावर, म्हणजे एनव्हिडियाच्या प्रणालीवर उभे राहिले आणि बाकीच्या कार्डांना त्यांचा आधार अजून सारखा नाही. कार्ड घेण्याआधी त्या रेंडररच्या कागदपत्रांत आपलं कार्ड आहे का ते बघायचं; दुकानदाराला विचारायचा हा प्रश्न नाही.

लिक्विड कूलर काढून टाक. आठ कोअरच्या प्रोसेसरला हवेचा चांगला कूलर पुरतो. त्यात पंप नाही, गळती नाही, बिघडलाच तर पंखा बदलायचा. आणि काचेचं कॅबिनेट घ्यायचंच असेल तर पुढची बाजू जाळीची असलेलं घे. बंद काचेमागे तीन पंखे लावून त्यांना हवाच न देणारी कॅबिनेट मी इतकी पाहिली आहेत की आता हसू येत नाही.

नवं मशीन येईपर्यंतचा फुकट उपाय: ब्लेंडरमध्ये 'सिम्प्लिफाय' नावाचा भाग आहे, त्यात टेक्श्चरच्या आकारावर मर्यादा घालता येते. मागच्या भिंतीवरच्या फोटोफ्रेमला ८के टेक्श्चर कशाला?

प्रश्न: मी आफ्टर इफेक्ट्सवर मोशन ग्राफिक्स करतो. मागच्या वर्षी मोठं ग्राफिक्स कार्ड घातलं, तरी प्रिव्ह्यू दोन-चार सेकंद चालतो आणि अडकतो. रॅम १६ जीबी आहे. कार्ड खराब निघालं का?

कार्ड ठणठणीत असणार. आफ्टर इफेक्ट्सची आवृत्ती २०२५ च्या आधीची असेल तर प्रिव्ह्यू रॅममध्येच साठतो, आणि तुमच्याकडे रॅम नाही.

१९२० बाय १०८० च्या एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल. चार चॅनल (तीन रंग आणि पारदर्शकता), प्रत्येकी १६ बिट, म्हणजे दर पिक्सेलला आठ बाइट. एक फ्रेम साधारण १६.६ एमबी. सेकंदाला २५ फ्रेमने वीस सेकंदांचा तुकडा म्हणजे ५०० फ्रेम, सव्वाआठ जीबीच्या आसपास. तुमच्या सोळापैकी सिस्टिम, ब्राउझर आणि आफ्टर इफेक्ट्स स्वतः खाऊन जे उरतं त्यात हे मावणार कसं? हेच काम ४के मध्ये असेल तर चौपट, ३३ जीबी. ३२ बिटमध्ये गेलात की त्याच्याही दुप्पट.

६४ जीबी करा. पण रिकाम्या खाचांत आणखी दोन स्टिक खुपसून नव्हे. डीडीआर५ प्रकारच्या रॅममध्ये चार स्टिक लावल्या की वेग खाली येतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेच्या अधिकृत माहितीतच दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० असा वेग दिला आहे. ३२-३२ च्या दोन स्टिकचा एकत्र विकला जाणारा जोड घ्या, जुन्या काढून ठेवा. बसवल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा, नाहीतर छापलेल्या वेगाचे पैसे देऊन रॅम मूळच्या कमी वेगाने चालत राहते, आणि ते कुणी सांगायला येत नाही. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तरी स्टिक परत.

डिस्क कॅशे, म्हणजे तयार फ्रेम साठवायची जागा, वेगळ्या एनव्हीएमई एसएसडीवर ठेवा. जुन्या जोडणीची साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत पोचते, पीसीआयई ४ ची चांगली एनव्हीएमई ७००० पर्यंत. कॅशेसाठी हा फरक जाणवतो. ऑफिसची कागदपत्रं उघडायला अजिबात जाणवत नाही.

आणि कोअर वाढवायचा मोह तुमच्या बाबतीत मी नाकारणार नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून आफ्टर इफेक्ट्स एकाच वेळी अनेक फ्रेम रेंडर करतं, त्यामुळे जास्त कोअर कामी येतात. मात्र एकाच वेळी जितक्या फ्रेम, तितकी जास्त रॅम. आधी रॅम, मग कोअर.

तोवर प्रिव्ह्यू अर्ध्या रेझोल्यूशनवर बघा. लांबी अर्धी, रुंदी अर्धी, मेमरी पाव.

प्रश्न: माझ्याकडे ८ जीबीचं कार्ड आहे. तसंच आणखी एक लावलं तर १६ जीबी होतील ना? वापरलेलं स्वस्तात मिळतंय.

नाही होणार. दोन लहान पिंपं शेजारी ठेवली म्हणून त्यात मोठा हंडा बुडत नाही. प्रत्येक कार्ड आपल्या मेमरीत संपूर्ण दृश्याची आपली प्रत ठेवतं. दृश्य आठात मावत असेल तर दोन कार्डांनी काम जवळजवळ निम्म्या वेळात होईल. मावत नसेल तर दोन्ही कार्डं एकदम नकार देतील. एनव्हीलिंक नावाच्या पुलाने मेमरी वाटून घ्यायची सोय काही कार्डांना होती. आरटीएक्स ३०९० ला होती, ४०९० ला कंपनीने ती दिली नाही.

शिवाय मदरबोर्डवरची दुसरी लांब खाच अनेकदा दिसायला सोळा लेनची (डेटा जायच्या वाटांची) आणि आत चारच लेनची असते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. वरच्या कार्डाच्या पंख्यांना खालचं कार्ड चिकटणार नाही इतकी जागा आहे का, तेही मोजा.

वापरलेलंच घ्यायचं असेल तर जुनं विकून २४ जीबीचं ३०९० शोधा. २०२० सालचं, ३५० वॉट खाणारं, तापट कार्ड आहे, पण २४ जीबी म्हणजे २४ जीबी. विकणाऱ्यासमोर निदान अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून बघा; पाच मिनिटांत काही कळत नाही. ३०९० च्या पाठीमागच्या बाजूलाही मेमरीचे चिप आहेत आणि ते फार तापतात, म्हणून त्या वेळात मेमरीचं तापमान वेगळं बघायला विसरू नका.

वापरलेल्या प्रोसेसरबद्दलही एक सूचना. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती. २०२४ मध्ये कंपनीने ते मान्य केलं, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा मायक्रोकोड पुढचं नुकसान रोखतो, झालेलं भरून काढत नाही. आधीचा मालक तो कसा वापरत होता हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. नवा घेऊन बायोस अद्ययावत करत असाल तर ठीक, जुना मी घेणार नाही.

प्रश्न: लांब रेंडर लावून झोपलो की सकाळी मशीन बंद सापडतं. गेम तासन्‌तास नीट चालतात. ग्राफिक्स कार्ड बदलू का?

थांबा. 'बंद' म्हणजे नक्की काय? मशीन पूर्ण विझलेलं किंवा आपोआप पुन्हा सुरू झालेलं असेल, तर संशय पॉवर सप्लायवर किंवा तापमानावर. निळा पडदा येऊन थांबलं असेल, तर रॅम किंवा ड्रायव्हरवर. मशीन चालू पण रेंडरचा प्रोग्रॅमच गायब असेल, तर बहुतेक मेमरी संपली. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं तर त्यावरून कुठल्याही भागाला दोष देऊ नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती नोंद सांगते. मंडळी त्या एका ओळीवरून मदरबोर्ड बदलतात.

गेममध्ये भार खालीवर होतो, मेनू येतो, नवा टप्पा उघडताना कार्ड दम घेतं. रेंडरमध्ये दम नाही. एका फ्रेमला तीन मिनिटं, सेकंदाला २४ फ्रेम, तर एका मिनिटाच्या फिल्मला १४४० फ्रेम, ७२ तास सलग. गेमवर केलेली परीक्षा इथे लागू पडत नाही.

आज रात्री एक करा. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रॅमने कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणा आणि तोच शॉट लावा. मशीन सकाळपर्यंत टिकलं तर कार्ड बदलायचं नाही, पॉवर सप्लाय तपासायचा, आणि त्याबरोबर कॅबिनेटमधली हवा. तसंही, कायम ८० टक्क्यांवर चालवलंत तरी वेगात थोडाच फरक पडतो आणि खोली बरीच कमी तापते.

पॉवर सप्लायचा आकडा असा काढा: आरटीएक्स ४०९० चे ४५० वॉट, रायझन ९ ७९५० एक्स पूर्ण जोरात २३० पर्यंत, बाकी सगळं मिळून ७५ ते १००. बेरीज पावणेआठशेच्या आसपास. पण कार्ड क्षणभरासाठी आपल्या मर्यादेच्या खूप वर उडी मारतं, आणि त्या उडीला कमी पडणारा सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हणून १००० वॉट. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात या उड्या झेलायची अट आहे, तसा सप्लाय घ्या. '८० प्लस गोल्ड'चा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो; आतले भाग किती चांगले, ते त्यावरून कळत नाही.

कार्डाला वीज देणारा, बारा व्होल्टचा नवा सोळा पिनांचा कनेक्टर असेल तर तो शेवटपर्यंत दाबून बसला आहे ना, ते टॉर्च लावून बघा. २०२२ मध्ये ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतल्या अनेक ठिकाणी तो अर्धवट बसलेला आढळला. कनेक्टरला लागून लगेच केबल वाकवू नका, तीन-चार सेंटिमीटर सरळ जाऊ द्या.

आणि कृपा करून थेट व्हिडिओ फाइलमध्ये रेंडर करू नका. पीएनजी किंवा ओपनइएक्सआर, एकेक फ्रेम वेगळी. ९०० व्या फ्रेमला मशीन बंद पडलं तर ९०० पासून पुढे सुरू करता येतं. एमपी४ अर्धवट राहिली की बहुधा उघडतही नाही.

प्रश्न: मी डिझायनर आहे. माझ्या मॉनिटरवर रंग झगझगीत दिसतात, दुसरीकडे पाहिले की फिके. कार्ड चांगलं घेतलं तर सुटेल का?

कार्डाचा यात संबंध नाही. तुमचा मॉनिटर बहुधा रुंद रंगपल्ल्याचा आहे आणि एसआरजीबी या सर्वसाधारण रंगमानकासाठी बनवलेलं चित्र तो आपल्या पूर्ण पल्ल्यावर ताणून दाखवतो. मेनूत एसआरजीबी मोड असेल, तो लावून बघा. बराच प्रश्न तिथेच मिटतो. १९९६ मध्ये मांडलेलं हे जुनंच मानक आहे, पण वेबवरचं बहुतेक काम अजून त्याच्यावर चालतं.

त्यानंतर पैसे घालायचेच असतील तर कॅलिब्रेशनच्या यंत्रात घाला. पांढरा ६५०० केल्व्हिनवर, उजेड १२० निट्सच्या आसपास. दुकानातून आलेला मॉनिटर बहुधा याच्या दुप्पट उजळ असतो, म्हणून तुमची चित्रं छापून आल्यावर काळवंडतात. दहा बिटचा मॉनिटर उपयोगी खरा, दर चॅनलला २५६ ऐवजी १०२४ छटा मिळतात आणि आकाशाचे पट्टे पडत नाहीत. पण तो कॅलिब्रेट न केलेला असेल तर चुकीच्या १०२४ छटा.

प्रश्न: मुलगी टूडी अ‍ॅनिमेशन शिकणार आहे. लॅपटॉप घेऊ की डेस्कटॉप?

टूडीसाठी मोठं कार्ड नकोच. क्रिटा किंवा ओपनटूंझसाठी बरा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि एसएसडी पुरे. उरलेले पैसे चित्र काढायच्या पेन टॅब्लेटवर. तिला वर्गात न्यावं लागणार असेल तर लॅपटॉप, नाहीतर डेस्कटॉप. पुढे थ्रीडीकडे वळली तर त्यात कार्ड घालता येतं.

लॅपटॉप घेतलात तर कार्डाच्या नावावर जाऊ नका, वॉट विचारा. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कितीही असू शकतं, नाव तेच. ४०९० डेस्कटॉपमध्ये २४ जीबीचं, लॅपटॉपमध्ये १६ जीबीचं आणि चिपही वेगळी.

प्रश्न: गेमिंग कार्ड चालेल, की व्यावसायिक कामाला वर्कस्टेशनचंच कार्ड लागतं?

घरी काम करणाऱ्याला गेमिंगचं चालतं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मात्र गेमचा न घेता 'स्टुडिओ' नावाचा घ्या, आणि प्रोजेक्टच्या मधोमध तो बदलू नका. वर्कस्टेशन कार्डाचे जादा पैसे तीन गोष्टींसाठी असतात: जास्त व्हीरॅम, चुका सुधारणारी ईसीसी मेमरी आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनी तपासून मान्य केलेले ड्रायव्हर. इंजिनियरिंगच्या कॅड सॉफ्टवेअरवर काम असेल, किंवा बिघाड झाल्यावर सॉफ्टवेअर कंपनीने 'तुमचं कार्ड आमच्या यादीत नाही' म्हणून हात झटकलेले परवडणार नसतील, तर घ्या. ब्लेंडरमध्ये फिल्म बनवायला त्याच पैशांत गेमिंगचं मोठं कार्ड आणि ६४ जीबी रॅम येते.